अभिरूप न्यायालय : तेंडुलकरांचे नाटक आणि वकिलीचे प्रात्यक्षिक शिक्षण

कायद्याच्या पदवीसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली जे नियम केले, त्यांत चार विषय ‘प्रात्यक्षिक’ म्हणून सक्तीचे आहेत : मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय. या चौथ्या विषयाला विद्यार्थी ‘मूट कोर्ट’ म्हणतात. त्याच्या शंभर गुणांची विभागणी अशी : तीस गुण अभिरूप न्यायालयातील युक्तिवादाला, तीस गुण दोन प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणाला, तीस गुण पक्षकाराची मुलाखत आणि खटल्याच्या पूर्वतयारीला, दहा गुण तोंडी परीक्षेला. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे वकील, न्यायालय किंवा तत्सम ठिकाणी उमेदवारी करायची. कागदावर ही योजना उत्तम आहे. वकिली हा पुस्तकातून शिकायचा विषय नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते, हे त्यातून दिसते.

मात्र ‘अभिरूप न्यायालय’ हे शब्द कानावर पडले की मराठी वाचकाला अभ्यासक्रम आठवत नाही, विजय तेंडुलकर आठवतात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. या नाटकावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. बहुतेक समीक्षेने त्याकडे स्त्रीच्या कोंडीचे, मध्यमवर्गीय क्रौर्याचे आणि कळपाच्या हिंसेचे नाटक म्हणून पाहिले. ते वाचन योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मी एक वेगळे आणि जरा व्यवहारी वाचन मांडणार आहे. काही वर्षांपासून मी नाशिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाटक वाचायला देतो. साहित्य म्हणून देत नाही, चौथ्या प्रात्यक्षिक विषयाचे पाठ्यपुस्तक म्हणून देतो. त्यांना एवढेच सांगतो : हा खटला आहे असे समजा आणि यात कायद्याच्या कार्यपद्धतीचे कोणते नियम मोडले, त्यांची यादी करा.

या वाचनातून माझ्या हाती जे लागले ते थोडक्यात असे. नोकरी-धंद्याच्या दृष्टीने कायदा शिकणे यात कमीपणाचे काही नाही. पण ‘प्रात्यक्षिक’ या शब्दाचा आपण जो अर्थ घेतो, म्हणजे कलमे पाठ असणे, नमुन्याप्रमाणे अर्ज भरता येणे, कोट घालून इंग्रजीत बोलता येणे, तो अर्थच मुळात अव्यवहार्य आहे. वकिलाचे सर्वांत व्यावहारिक कौशल्य ऐकण्याचे आहे, आणि कुणाचे, कधी, किती व कोणत्या कसोटीवर ऐकायचे हे ठरवणाऱ्या नियमांचे आहे. तेंडुलकरांच्या नाटकात न्यायालयाचे सगळे काही आहे. नाहीत ते फक्त हे नियम.

खटला क्रमांक एक

नाटकातली मंडळी खेडेगावात रात्रीच्या प्रयोगासाठी आलेली असतात. प्रयोगाचा विषय मोठा आहे : अणुशस्त्रांच्या संदर्भात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर खटला. दुपारचा वेळ रिकामा आहे. एक साक्षीदार आलेला नाही, म्हणून सामंत या स्थानिक माणसाला उभे करायचे आहे, आणि त्याला न्यायालय कसे चालते ते दाखवण्यासाठी एक लुटूपुटूचा खटला सुरू होतो. म्हणजे नाटकाची सुरुवातच शिक्षणाच्या हेतूने होते. सामंत हा विद्यार्थी आहे आणि हा त्याचा ‘प्रात्यक्षिका’चा तास आहे. शिकवणारे आहेत सुखात्मे. ते व्यवसायाने वकील आहेत आणि त्यांच्याकडे कामे नाहीत.

विद्यार्थ्यांच्या यादीत पहिली नोंद बहुधा दोषारोपाची असते. बेणारेवर आरोप भ्रूणहत्येचा ठेवला जातो आणि कलम सांगितले जाते ३०२. भारतीय दंडसंहितेचे कलम ३०२ खुनाच्या शिक्षेचे होते. पण त्याच संहितेच्या कलम २९९च्या तिसऱ्या स्पष्टीकरणात म्हटले होते की, आईच्या गर्भातील मुलाचा मृत्यू घडवणे म्हणजे मनुष्यवध नव्हे. गर्भपाताची आणि त्यासंबंधीच्या गुन्ह्यांची कलमे वेगळी होती, ३१२ पासून ३१६ पर्यंत. म्हणजे आरोप आणि कलम यांचा मेळच बसत नाही. बचावाच्या कोणत्याही वकिलाने पहिल्या पाच मिनिटांत हा मुद्दा घ्यायला हवा होता.

इथे दुसरी नोंद येते. बचावाचा वकील वेगळा नाहीच. सरकारी वकीलही सुखात्मे आणि आरोपीचे वकीलही सुखात्मेच. दुसऱ्या भूमिकेत शिरताना ते मरगळतात आणि थोडक्यात आटोपतात. प्रेक्षक हसतात. कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र इथे थांबायला हवे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करवून घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला दिलेला आहे. मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ म्हणून आले, आणि त्यासाठीची यंत्रणा १९८७ च्या कायद्याने उभी राहिली. तरीही नावापुरता उभा राहिलेला, कागद न वाचलेला बचावाचा वकील ही काही केवळ नाटकातली गोष्ट नाही. सुखात्मेंचे मरगळणे पाहून हसणाऱ्या विद्यार्थ्याला उद्या त्याच जागी उभे राहायचे आहे.

तिसरी नोंद पुराव्याची. सामंत साक्ष देतो ती एका सनसनाटी कादंबरीतून उचलून. त्याच्या मनात कपट नाही. त्याला वाटते, साक्ष म्हणजे प्रसंगाला शोभेल असे काहीतरी बोलणे. पण इतर सगळे त्याचे शब्द पुरावा म्हणून उचलतात, कारण ते त्यांना हवे असलेल्या गोष्टीत चपखल बसतात. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिले असेल तर पाहणाऱ्याने आणि ऐकले असेल तर ऐकणाऱ्याने स्वतः येऊन सांगितले पाहिजे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. ऐकीव पुरावा सहसा का घेत नाहीत, हे वर्गात समजावणे कठीण जाते. सामंताची साक्ष वाचल्यावर समजावायला फारसे काही उरत नाही.

चौथी नोंद सर्वांत ठळक आहे. न्यायाधीश काशीकर आपली खुर्ची सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, साक्ष देतात आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसतात. स्वतःच्या प्रकरणात कुणीही न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. पाचवी नोंद प्रा. दामल्यांची. ज्यांच्यावर सगळे प्रकरण उभे आहे ते गैरहजरच आहेत. त्यांना समन्स नाही, त्यांचा जबाब नाही, आणि त्यांच्या गैरहजेरीबद्दल कुणाला प्रश्नही पडत नाही.

शेवटच्या दोन नोंदी एकत्र वाचाव्या लागतात. आरोपीला बाजू मांडायला काशीकर दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत बेणारेचे ते प्रसिद्ध स्वगत घडते, आणि ते चालू असताना बाकीचे सगळे निश्चल असतात. तिने ते उच्चारले, पण न्यायालयाने ऐकले नाही. फौजदारी कार्यपद्धतीत याच्या बरोबर उलट एक टप्पा आहे. फिर्यादी पक्षाचा पुरावा संपला की त्यातली आरोपीच्या विरुद्ध जाणारी प्रत्येक बाब न्यायालयाने स्वतः आरोपीपुढे ठेवायची आणि त्याला खुलाशाची संधी द्यायची. जुन्या संहितेत हे कलम ३१३ होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५१ आहे. कामाच्या गर्दीत हा जबाब छापील प्रश्नांवर ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ अशा उत्तरांनी उरकला जाण्याची भीती नेहमीच असते. तेव्हा तेंडुलकरांच्या दहा सेकंदांची आठवण होते.

आणि निकाल? ज्या न्यायालयाने भ्रूणहत्येच्या आरोपावरून बेणारेला उभे केले, तेच न्यायालय तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याचा हुकूम देते. १९६७ साली, आईचा जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला तर, हे कृत्य कलम ३१२ खाली गुन्हा होते. म्हणजे निकालच गुन्हा करायला सांगतो. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९७१ साली झाला. त्यात गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याची तरतूद होती, पण ती विवाहित स्त्री आणि तिचा पती यांच्यापुरती. २०२१ च्या दुरुस्तीत ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबत अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितले. बेणारेपर्यंत पोचायला कायद्याला पंचावन्न वर्षे लागली. हे गणित मांडले की वर्गात पहिल्यांदा खरी शांतता पसरते.

कलमे बदलतात

‘सर, हे सगळे ठीक आहे, पण परीक्षेत कलमे विचारतात.’ हा आक्षेप दरवर्षी येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचे एन. बी. ठाकूर विधी महाविद्यालय आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाचे आहे, नवजीवन आहे. या महाविद्यालयांत येणारी मुले-मुली हौसेखातर येत नाहीत. कुणी बारावीनंतर पाच वर्षांसाठी आलेली असतात, कुणी नोकरी करता करता तीन वर्षांची पदवी घेत असतात. निफाड, दिंडोरी, सिन्नर, मालेगावकडून येणाऱ्यांच्या घरातले ते पहिलेच वकील असतात. सनद मिळाली की मिळकत सुरू व्हावी, ही घराची अपेक्षा असते. त्यांना ‘पोटापाण्याचा विचार सोडा’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि ते माझे म्हणणेही नाही.

पण १ जुलै २०२४ रोजी काय झाले ते पाहावे. १८६० ची दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही एका दिवसात बाजूला झाले आणि त्यांच्या जागी तीन नवे कायदे आले. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे आता १०३ झाले. फसवणुकीचे ४२० हे ३१८ मध्ये गेले. मराठी भाषेत ‘चारशेवीस’ हा शब्द लबाड माणसासाठी रुळला आहे आणि तो पुढेही राहील. ‘अगदी तीनशे अठरा आहे तो’ असे कुणी म्हणेल, असे वाटत नाही. भाषेला ते परवडते, वकिलाला परवडत नाही. ज्यांनी आकडे पाठ करून कायदा शिकला त्यांची वर्षांची पुंजी एका रात्रीत गेली. ज्यांनी फसवणुकीचे घटक शिकले होते, म्हणजे सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता का, त्या फसवणुकीमुळे माणसाने मालमत्ता दिली का, हे विचारायला जे शिकले होते, त्यांना फक्त नवा आकडा लिहून घ्यावा लागला. अखिल भारतीय बार परीक्षेतसुद्धा टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात. परीक्षा घेणारेच सांगत आहेत की कलम शोधता येणे पुरेसे आहे, ते डोक्यात कोंबण्याची गरज नाही.

मूट कोर्टाची अडचण याच अंगाने पाहावी. मूटच्या समस्येत वस्तुस्थिती छापून दिलेली असते. अमुकने तमुकला अमुक दिवशी असे केले, हे गृहीत धरून कायद्याच्या प्रश्नावर युक्तिवाद करायचा असतो. ही वरिष्ठ न्यायालयातल्या अपिलाची तालीम आहे आणि तिचे स्वतःचे मोल आहे. पण सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात रोज जे चालते त्यात भांडण वस्तुस्थितीचेच असते. बांध कुणी कोरला, सही कुणाची, पैसे रोख दिले की नाही, त्या वेळी तिथे कोण होते. सरतपास आणि उलटतपास यांतून वस्तुस्थिती घडत जाते. मूटमध्ये पहिला आलेला विद्यार्थी पहिल्या साक्षीदारापुढे अडखळतो तो यामुळेच. त्याला उत्तरे देण्याचे शिक्षण मिळालेले असते, प्रश्न विचारण्याचे नसते. तेंडुलकरांचे अभिरूप न्यायालय मात्र मूट नव्हे, तो साक्षीपुराव्यांचा खटला आहे. म्हणूनच जिल्हा न्यायालयात जाणाऱ्यासाठी ते अधिक उपयोगाचे ठरते.

दोन अभिरूपे

या नाटकाशेजारी मी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट ठेवतो. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा की, त्याच्या गाण्याने एका सफाई कामगाराला मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या करायला प्रवृत्त केले. इथे न्यायालय खरे आहे, वकील दोन आहेत, न्यायाधीश खुर्ची सोडत नाहीत, तारखा पडतात, पंच येतात, कलमे वाचली जातात. नाटकात जे जे नव्हते ते सर्व इथे आहे. तरीही शेवटी हाती येते ती तीच भावना की ज्याच्याबद्दल हे चालले आहे त्याचे कुणी ऐकलेच नाही. सरकारी वकील जुन्या कायद्यातले इंग्रजी उतारे संथपणे वाचत जातात. माणसे मराठीत बोलतात आणि नोंद इंग्रजीत होत राहते. कामगाराच्या विधवेच्या साक्षीतून सुरक्षेची साधने नसल्याचे पुढे येते, पण तिच्या बोलण्यातला माणूस नोंदीत उतरत नाही.

दोन्ही कलाकृती एकत्र ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. तेंडुलकरांच्या न्यायालयात सगळे बोलतात आणि नियम नाही. ताम्हाण्यांच्या न्यायालयात नियम आहे आणि माणूस हरवलेला आहे. ‘प्रात्यक्षिक’ शिक्षण पहिल्या दोषावर उपाय म्हणून आले : विद्यार्थ्याला कार्यपद्धती शिकवा. पण तेवढ्यावर थांबले तर ते दुसऱ्या दोषाची तयारी करून देते. ताम्हाण्यांच्या चित्रपटातली सरकारी वकील वाईट बाई नाही. ती लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते. ती तिला शिकवलेले काम नीट करते आहे. दिग्दर्शकाने तिला खलनायिका केले नाही, हे मला या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ वाटते. कारण प्रश्न तिच्या स्वभावाचा नाही, शिक्षणाचा आहे.

भाषेचा मुद्दा जिल्हा न्यायालयात फार महत्त्वाचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांसाठी मात्र १९९८ साली मराठी ही न्यायालयाची भाषा म्हणून अधिसूचित झाली. तरी मराठीत नीट दावा किंवा कैफियत लिहिण्याचा सराव किती विद्यार्थ्यांना मिळतो? मी पाहिलेल्या मसुदालेखनाच्या बहुतेक फायली इंग्रजी नमुन्यांवरून उतरवलेल्या होत्या. एका फाईलमध्ये तर नाशिकच्या पक्षकाराच्या दाव्यात दुसऱ्याच राज्यातल्या गावाचे नाव राहून गेले होते.

ऐकणे म्हणजे नेमके काय

‘ऐकणे’ हा शब्द वापरला की तो भावनिक वाटतो. तो तसा नाही, हे दोन उदाहरणांवरून दिसेल.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षे पिकतात. बागाईतदार माल देतो, व्यापारी धनादेश देतो आणि कधी कधी तो धनादेश वटत नाही. शेतकरी वकिलाकडे येतो तेव्हा तो धनादेशाची गोष्ट सांगत नाही. तो अवकाळी पावसाची, औषधांच्या उधारीची, व्यापाऱ्याने दिलेल्या शब्दाची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत कुठेतरी एक तारीख दडलेली असते : बँकेने धनादेश परत केल्याचे त्याला कळले ती तारीख. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे त्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी पंधरा दिवस, आणि ते न मिळाल्यास त्यानंतर एका महिन्याच्या आत तक्रार. ज्या वकिलाने अशिलाला मध्येच तोडून ‘मुद्द्याचे बोला’ म्हटले त्याला ती तारीख कळेलच असे नाही. ज्याने ऐकून घेतले, पण काय ऐकायचे ते ठाऊक नाही, त्यालाही ती सापडणार नाही. दोन्ही लागते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा पायी मोर्चा निघाला आणि १२ मार्चला तो मुंबईत आझाद मैदानावर पोचला. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि वनहक्कांच्या दाव्यांचा निपटारा ही त्यांची मुख्य मागणी होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. हा पुरावा काय असू शकतो, याची यादी नियमांत आहे. तीत सरकारी कागद आहेत, जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि स्वतः दावेदार नसलेल्या गावातल्या ज्येष्ठ व्यक्तीचे लेखी स्वरूपात घेतलेले निवेदनही आहे. एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही नियम सांगतो.

आता सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे निवेदन लिहून घ्यायचे आहे, अशी कल्पना करावी. त्याला सन सांगता येणार नाही. तो दुष्काळाचे वर्ष सांगेल, कुणाचे तरी लग्न सांगेल, झाड तोडले तेव्हा कोण होते ते सांगेल. त्यातून कालक्रम लावणे, त्याने पाहिलेले आणि त्याने ऐकलेले वेगळे करणे, आणि त्याच्या तोंडी न शोभणारा एकही शब्द आत न घुसवणे, हे सर्व वकिलाचे काम आहे. सामंताची कादंबरीतली साक्ष आणि या म्हाताऱ्याचे निवेदन, दोन्ही ‘गोष्टी’च आहेत. त्यांतला फरक ओळखता येणे आणि तो कागदावर टिकेल असा उतरवता येणे, हे मी ज्याला प्रात्यक्षिक म्हणतो ते आहे. त्यावर कुटुंबाची जमीन अवलंबून असते.

येवल्याच्या वर्षातला एक निबंध

हा विचार नवा नाही. १९३५ च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नाशिककरांना ते वर्ष वेगळ्या कारणाने माहीत आहे : १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याआधी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. या सगळ्या धामधुमीत प्राचार्यपदावरून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर इंग्रजीत एक निबंध लिहिला. तो १९३६ सालचा आहे. वकिलाला काय काय यायला हवे, असा त्यांचा साधा, व्यावहारिक प्रश्न होता. कायद्याची मूलतत्त्वे हवीतच. पण त्याबरोबर सर्वसाधारण ज्ञानाची बैठक, विषयाची सुसंगत मांडणी आणि स्वच्छ शब्दांत म्हणणे मांडण्याची ताकद यांना ते शोभेच्या गोष्टी मानत नाहीत. त्या धंद्याच्या गरजा आहेत, असा त्यांचा रोख आहे.

हा केवळ प्राचार्यांचा उपदेश नव्हता. चवदार तळ्याच्या प्रकरणात ते स्वतः प्रतिवादी होते. १९२७ साली दाखल झालेला तो दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ च्या मार्चमध्ये निकालात निघाला. तळ्याचा वापर स्पृश्यांपुरताच असल्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, हा त्या निकालाचा कणा होता. महाडच्या सत्याग्रहाचे नैतिक तेज आपण सर्वजण जाणतो. पण न्यायालयात ते तळे खुले राहिले ते ‘सिद्ध करण्याचा भार कुणावर आणि तो पेलला गेला का’ या कोरड्या प्रश्नावर. कार्यपद्धतीचा नियम दुबळ्याच्या बाजूने उभा राहू शकतो, त्यासाठी तो नियम कुणीतरी नीट शिकलेला असावा लागतो. बेणारेच्या खटल्यात हा एक प्रश्न जरी कुणी विचारला असता तरी खटला तिथेच संपला असता.

तीन वर्षांचा प्रश्न

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. २००२ साली ती अट काढली गेली होती आणि पदवी हाती पडताच अभ्यासिकेत बसून परीक्षा देता येत होती. आता परीक्षार्थीलाही न्यायालयाच्या आवारात उभे राहावे लागेल. शिक्षणाच्या दृष्टीने मी या निर्णयाचे स्वागत करतो. काशीकरांच्या खुर्चीवर बसण्याआधी माणसाने सुखात्मेंच्या जागी आणि शक्य तर बेणारेच्या शेजारी काही काळ उभे राहिलेले बरे.

पण ही तीन वर्षे कुणाला परवडतात? ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. सनदेसाठी राज्य बार कौन्सिलांनी वाढवत नेलेले शुल्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये कायद्यातल्या मूळ मर्यादेवर आणले : ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. म्हणजे दार स्वस्त झाले, पण आत टिकून राहण्याचा खर्च तसाच आहे. ज्याच्या घरी शेती किंवा कुणाचा पगार आहे तो तीन वर्षे काढेल. ज्याच्याकडे दोन्ही नाही ती मुलगी दुसरी नोकरी धरेल, आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्याची बोली जिला जन्मापासून येते तीच न्यायालयाबाहेर राहील. करिअरचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला हिणवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याची काळजी खरी आहे. तिला कमी लेखून कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा वाढणार नाही.

म्हणून माझ्या सूचना लहान आहेत आणि आहे त्याच नियमांत बसणाऱ्या आहेत. दोन खटल्यांच्या निरीक्षणाचे तीस गुण सध्या बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या वह्या उतरवून मिळतात. त्याऐवजी विद्यार्थ्याने एकच साक्ष पूर्ण ऐकावी आणि ती मराठीत लिहावी. साक्षीदार काय म्हणाला, नोंदीत काय गेले, या दोहोंत काय फरक पडला, आणि आरोपीला काय विचारले गेले, एवढेच. मुलाखतीच्या तीस गुणांसाठी कायदेविषयक साहाय्य शिबिरात एका माणसाचे म्हणणे मध्ये न बोलता ऐकून त्याची एक पानी हकिकत, तारखांसह, त्याला वाचून दाखवून तयार करावी. आणि मूटच्या आधी एक दुपार ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे वाचन ठेवावे.

न्यायालयात ‘शांतता’ पुकारतात ती कुणासाठी, हा प्रश्न त्या वाचनानंतर मी विचारतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर दिले, ‘जो बोलतोय त्याचं ऐकू यावं म्हणून, सर. पण नाटकात ती बेणारेसाठी आहे, तिने बोलू नये म्हणून.’ ती पुढच्या वर्षी सनद घेणार आहे.